आधी थांबायला शिकू या

मोटरसायकल शिकवायला निघालेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत सगळं सांगून मोकळा होतो. क्लच दाब, पहिला टाक, क्लच सावकाश सोड, थोडी रेस दे. गाडी पुढे कशी न्यायची ते यात आलं. ती थांबवायची कशी, हे ‘आणि हा ब्रेक’ एवढ्यावर उरकतं. शिकणारा आधीच धास्तावलेला असेल, तर त्याला नेमका तोच प्रश्न छळत असतो: ही सुटली आणि मला आवरली नाही तर? या प्रश्नाचं उत्तर त्याच्या हातापायांना मिळेपर्यंत त्याला गिअर, वळण, रस्ता यातलं काहीही शिकवू नये, असं माझं ठाम मत आहे.

माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बदली झाली ती साताऱ्याच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका वाडीवर. एसटी येते, पण शाळेच्या वेळेशी तिचं जमत नाही. स्कूटर ती कितीतरी वर्षं चालवत होती, पण त्या रस्त्याला स्कूटर पुरेना. नव्या अ‍ॅक्टिव्हाचं पुढचं चाक १२ इंची, मागचं १० इंची; साध्या स्प्लेंडरची दोन्ही चाकं १८ इंची. ज्या खड्ड्यात लहान चाक उतरून आपटतं, त्यावरून मोठं चाक नुसतं हेलकावा देऊन निघून जातं. पावसाने उखडलेल्या, खडी वर आलेल्या घाटरस्त्यावर हा फरक कमरेला आणि मनगटाला रोज कळतो. घरात मोटरसायकल होतीच. पण माहेरी असताना भावाने एकदा शिकवायला घेतली होती, तेव्हा त्याच्या आरडाओरड्यात गाडी कुंपणाला जाऊन धडकली. तेव्हापासून गिअरची गाडी नको, हे तिचं ठरलेलं.

स्कूटर येणाऱ्या बाईला मोटरसायकलची भीती का वाटावी, असं पुष्कळ पुरुष विचारतात. तोल येतो, रहदारी कळते, मग अडतं कुठे? अडतं डाव्या हाताला. स्कूटरवर डाव्या मुठीत मागचा ब्रेक असतो. वर्षानुवर्षं, कुत्रं आडवं आलं की डावी मूठ आवळायची, हे त्या हाताच्या अंगवळणी पडलेलं असतं. मोटरसायकलवर त्याच जागी क्लच आहे. तो आवळला की इंजिनचा आणि चाकाचा संबंध तुटतो आणि गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी धावत राहते. मागचा ब्रेक गेला उजव्या पायाखाली, जिथे स्कूटरवर काहीच नसतं. तेव्हा अशा बाईची भीती अगदी रास्त आहे. ज्या हाताने आजवर तिला वाचवलं, तोच हात ऐन वेळी चुकीचं काम करणार आहे, हे तिच्या अंगाला आधीच कळलेलं असतं.

महाराष्ट्रात तर ही गोष्ट लाखो घरांची आहे. १९७२ साली पुण्याच्या फिरोदियांची लुना आली आणि शिक्षिका, परिचारिका, कॉलेजच्या मुली बघता बघता स्वतःच्या वाहनावर दिसू लागल्या. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. बटण दाबलं की सुरू होणारी, गिअर नसलेली ती स्कूटर बायकांनी मनापासून आपलीशी केली. मग स्कूटी, मग अ‍ॅक्टिव्हा. चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून गाडी चालवणारी मुलगी ही पुण्याची ओळखच झाली. पण या सगळ्या गाड्या बिनगिअरच्या. क्लचची मोटरसायकल घरातल्या पुरुषाकडेच राहिली. २०११ मध्ये उर्वशी पाटोळे यांनी ‘बायकर्नी’ ही मोटरसायकल चालवणाऱ्या स्त्रियांची संघटना सुरू केली. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, नथ घालून बुलेटवर निघणाऱ्या बायकांचे फोटो दर वर्षी वर्तमानपत्रात येतात. मला ते फोटो आवडतात. त्यातल्या डोक्यांवर फेट्याऐवजी हेल्मेट असतं तर आणखी आवडले असते.

आता शिकवणाऱ्याबद्दल. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट या प्राध्यापकाने लॉस एंजेलिस भागातल्या मोटरसायकल अपघातांचा अभ्यास केला. सुमारे ९०० अपघातांच्या जागी त्याच्या चमूने जाऊन पाहणी केली. १९८१ साली आलेला तो अहवाल ‘हर्ट रिपोर्ट’ म्हणून आजही अभ्यासला जातो. त्यात एक आकडा आहे: अपघातात सापडलेल्या चालकांपैकी ९२ टक्के जण एकतर स्वतःच शिकलेले होते किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून. अहवाल पुढे सांगतो की ऐन क्षणी या लोकांनी मागचा ब्रेक करकचून दाबून चाक घसरवलं, आणि पुढचा ब्रेक, जो खरा थांबवतो, तो पुरता वापरलाच नाही. हे वाचताना मला आपल्याकडचं प्रत्येक मैदान आठवतं. घरचा माणूस प्रेमाने शिकवतो, यात शंका नाही. पण त्याला स्वतःला जे आठवतं तेच तो शिकवतो, आणि आठवतं ते गाडी पळवणं. थांबणं त्याच्या अंगात इतकं मुरलेलं असतं की ते शिकवायची गोष्ट आहे हेच त्याच्या लक्षात येत नाही.

थांबण्याचा हिशेब साधा आहे. ताशी ४० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला ११ मीटर. पुढे काही आलं हे दिसून हात हलेपर्यंत सेकंदभर जातो, तेवढ्यात ११ मीटर संपले. त्यानंतर कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर आणखी साधारण १२ मीटर लागतात. नुसत्या मागच्या ब्रेकवर विसंबलं तर हे अंतर पुष्कळ वाढतं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचं अंतर चौपट होतं, म्हणून ताशी २० वर जी गाडी तीनएक मीटरमध्ये उभी राहते तिला ४० वर बारा लागतात. आणि पुढचा ब्रेक एवढा महत्त्वाचा का? गाडी थांबू लागली की गाडीचं आणि माणसाचं वजन पुढच्या चाकावर येतं, ते चाक रस्त्यावर घट्ट दाबलं जातं, मागचं हलकं होतं. जोरात थांबताना जवळजवळ ७० टक्के काम पुढचं चाक करतं. ‘पुढचा ब्रेक लावू नको, उलटी होशील’ ही आपल्याकडची घरोघरची शिकवण कितीतरी जणांच्या जिवावर उठलेली आहे.

त्या शिकवणीत खऱ्याचा अंश आहे, तोही सांगितला पाहिजे. हँडल वळलेलं असताना, पायी चालण्याच्या वेगात पुढचा ब्रेक झटक्यात आवळला की गाडी त्याच बाजूला लोळते. नवशिक्याचं पहिलं पडणं बहुधा हेच असतं. खडीवर, वाळूवर, शेणावरही तसंच. म्हणून नियम दोन: हँडल सरळ असताना दोन्ही ब्रेक, हँडल वळलेलं आणि गाडी रांगत असेल तर फक्त पायाचा. आणि पुढचा ब्रेक आवळायचा नाही, पिळत न्यायचा, लिंबू पिळतात तसा, आधी हलका मग घट्ट.

आम्ही सुरुवात केली ती इंजिन बंद ठेवून. जागा होती एमआयडीसीतला साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीचा रिकामा रस्ता, एका टोकाला जरासा उतार असलेला. आधी गाडी नुसती हातात धरून फिरवायची, डबल स्टँडवर चढवायची, उतरवायची. मग बसून डावीकडे-उजवीकडे झुलवायची. कुठपर्यंत गाडी स्वतःच्या तोलावर उभी असते आणि कुठून तिचं वजन पायावर येतं, ते मांडीला कळलं पाहिजे. स्प्लेंडर सुमारे ११२ किलोची, तिच्या सीटची उंची ७८५ मिलिमीटर. नवशिक्याला हीच किंवा अशीच गाडी द्यावी. हौसेखातर रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० देऊ नये; ती १९५ किलोची आणि ८०५ मिलिमीटर उंचीची आहे. उंची कमी असेल तर बजाज अ‍ॅव्हेंजर चांगली, तिची सीट ७३७ मिलिमीटरवर. वजन तिचं स्प्लेंडरहून बरंच जास्त, पण दोन्ही तळवे जमिनीवर पुरते टेकतात आणि त्याने निम्मी धडधड थांबते.

यानंतर मी गाडी मुद्दाम आडवी घातली. जुनी पोती पसरून, त्यावर. ‘पडली तर?’ हा प्रश्न मनात ठेवून कोणी शिकत नाही, म्हणून पडलेली गाडी उचलणं आधी शिकवायचं. जपानमध्ये मोटरसायकल शाळेत जाणाऱ्याला सुरुवातीलाच पडलेली गाडी उभी करायला लावतात. युक्ती अशी: गाडी गिअरमध्ये टाकायची म्हणजे ती सरकत नाही. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा. मग गाडीकडे पाठ करून सीटला टेकून उकिडवं बसायचं, एका हाताने हँडलची मूठ, दुसऱ्याने मागची पकड धरायची आणि पाठ ताठ ठेवून मांड्यांच्या जोरावर मागे मागे पावलं टाकत उठायचं. कमरेत वाकून ओढणाऱ्या धट्ट्याकट्ट्या माणसाची कंबर धरते, आणि या रीतीने बेताच्या अंगाची बाई एकटी गाडी उभी करते. बायकोने ती उभी केली, साइड स्टँडवर लावली, हात झटकले आणि म्हणाली, “परत आडवी घाला.” पुन्हा उचलली. त्या दिवशी इंजिन सुरू झालंच नाही आणि तरी त्या दिवसाइतकं शिक्षण पुढे कुठल्याच दिवशी झालं नाही.

मग उताराचं काम. न्यूट्रलमध्ये गाडी, इंजिन बंद, पाय फूटरेस्टवर. उतारावरून गाडी आपोआप घरंगळते. ठरलेल्या जागी रस्त्यावर खडूची रेघ. रेघेवर थांबायचं: डावा हात क्लच आवळतो, उजवा हात पुढचा ब्रेक पिळतो, उजवा पाय मागचा दाबतो, आणि गाडी उभी राहिल्यावरच डावा पाय खाली. इंजिन बंद असताना क्लच आवळून काही होत नाही, पण सवय लावायची ती तिन्हींची एकत्र. कारण पुढे काहीही बिनसलं, गाडी उसळली, रेस अडकली, तरी उत्तर हेच राहणार. स्कूटरवरच्या डाव्या हाताची जुनी सवय मोडायची गरज पडत नाही. तो घाबरून आवळू देत, फक्त त्याच्या जोडीला उजवा हात आणि उजवा पाय आले पाहिजेत. आधी ती रेघेच्या पुढे जाई, मग अलीकडे थांबे, मग रेघेवर. मी सांगायचो तिथे थांबणं जमल्यावर खेळ बदलला: ती घरंगळत असताना मी मधेच हात वर करायचा, आणि तिने तिथेच थांबायचं. तिच्या खांद्यांतला ताठरपणा या खेळात उतरला. कुठल्याही क्षणी ही गाडी मी उभी करू शकते, हे कोणी समजूत घालून पटत नाही.

क्लचला खरा वेळ द्यावा लागतो. मोटरसायकलच्या क्लचमध्ये घर्षणाच्या आणि पोलादी चकत्या एकाआड एक बसवलेल्या असतात, स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून ठेवतात. लिव्हर आवळली की चकत्या सुट्या होतात, सोडली की पुन्हा चिकटतात. या दोन्हींच्या मधे एक अवस्था आहे, जिथे चकत्या एकमेकींवर घसरत थोडी ताकद चाकाकडे जाऊ देतात. आपल्याकडे तिला हाफ क्लच म्हणतात. मोटरसायकलचं सगळं संथ कसब या बोटभर अंतरात आहे. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनच्या तेलात बुडालेला असतो, त्यामुळे सरावापुरता तो घसरवला तरी कारच्या क्लचसारखा लगेच जळत नाही. म्हणून ‘क्लच जाळशील’ अशी धमकी शिकणाऱ्याला कधीही देऊ नये.

सराव असा: गाडी सुरू, पहिला गिअर, रेसला हात लावायचा नाही. क्लच इतकाच सोडायचा की गाडीचं नाक किंचित पुढे झुकेल, आणि लगेच परत आवळायचा. झुकली, आवळला. झुकली, आवळला. गाडी वीतभरही पुढे जात नाही आणि बोटं ती जागा शोधून ठेवतात. मग त्याच जागेवर क्लच धरून ठेवायचा म्हणजे गाडी पायी चालण्याच्या वेगाने रांगते, दोन्ही पाय जमिनीलगत. यात गाडी बंद पडणारच. प्रत्येक वेळी ती बंद पडल्यावर शिकवणाऱ्याने गप्प राहावं. पुन्हा सुरू करणं हाही शिक्षणाचाच भाग आहे. आणि सुरू करण्याआधी गाडीची तयारी बघावी: लिव्हरला टोकाशी थोडा ढिलेपणा हवा, आणि लहान हाताची बोटं लिव्हरला सहज पोचली पाहिजेत. ताठ किंवा कोरडी पडलेली क्लचची केबल बदलून, नवी तेल देऊन बसवली तर शिकणाऱ्याच्या मनगटाचे निम्मे हाल वाचतात. नवरे हे काम हटकून विसरतात, कारण त्यांच्या पंजाला त्या केबलची सवय झालेली असते.

रेस देण्यात एक खोड असते. गाडी उसळली की अंग मागे जातं, अंगाबरोबर उजवं मनगट मागे पडतं, आणि मूठ आणखी फिरून रेस वाढते. गाडी आणखी उसळते. कुंपणाला जाऊन धडकणाऱ्या नवशिक्यांचं बहुधा हेच झालेलं असतं. उपाय मनगटाच्या बैठकीत आहे: मूठ धरताना मनगट खाली ठेवायचं, वर चढवून नाही. म्हणजे अंग मागे गेलं तरी मुठीला फिरायला जागा उरत नाही.

हे सगळं चालू असताना शिकवणाऱ्याने तोंड कसं वापरावं, हा माझ्या मते तंत्राइतकाच मोठा विषय आहे. हेल्मेट, इंजिनचा आवाज आणि अंतर यांमुळे मोठ्याने बोलावं लागतं, आणि नवऱ्याचा मोठा आवाज बायकोला रागाचाच वाटतो. त्यात सूचना एकामागून एक: समोर बघ, क्लच सोड, पाय वर घे, अगं रेस कमी कर! घाबरलेल्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावते. बायकोने पहिल्याच दिवशी अट घातली: “अहो, मला एका वेळी एकच सांगा. आणि मी गाडीवर असताना काहीच सांगू नका.” ती अट आम्ही शेवटपर्यंत पाळली आणि मी शिकवतो त्या प्रत्येक जोडप्याला आता तीच घालतो. इंजिन बंद झाल्यावरच बोलायचं. बोलायचं तेही प्रश्नाने: आता काय झालं असं वाटतं? गाडी का बंद पडली? ती स्वतः म्हणते, क्लच लवकर सोडला. तिच्या तोंडून आलेलं कारण तिच्या हातात उतरतं. आणि आजचं पुरे, हे कधी म्हणायचं तो हक्क शिकणाऱ्याचा. डाव्या हाताचा पंजा अर्ध्यापाऊण तासात दमतो आणि दमलेला पंजा चुका शिकतो.

शिकवणाऱ्यांची आठवण निघालीच आहे तर थेरेसा वॅलक या इंग्रज बाईंबद्दल सांगितलंच पाहिजे. डिसेंबर १९३४ मध्ये त्या आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरॉन अशा दोघीजणी लंडनहून मोटरसायकलवर निघाल्या. ६०० सीसीची पँथर, तिला साइडकार आणि मागे ट्रेलर. सहारा ओलांडून १९३५ च्या जुलैमध्ये त्या केपटाउनला पोचल्या. एवढं करून ही बाई पुढे अमेरिकेत स्थायिक झाली आणि नवशिक्यांना मोटरसायकल शिकवू लागली, त्यावर तिने पुस्तकही लिहिलं. सहारा पार केलेल्या माणसाला रिकाम्या मैदानात नवशिक्याचा क्लच जुळवत बसणं कमीपणाचं वाटलं नाही, याचं मला फार मोल वाटतं.

हळू चालवणं जोरात चालवण्यापेक्षा अवघड आहे. जपानच्या परवाना परीक्षेत एक अरुंद फळीसारखा पट्टा असतो: १५ मीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद, ५ सेंटिमीटर उंच. मोठ्या मोटरसायकलच्या परवान्यासाठी तो १० सेकंदांपेक्षा कमी वेळात पार केला तर गुण कापतात. वेगाची परीक्षा घेण्याऐवजी संथपणाची घेतात! आपल्याकडे आरटीओत आठचा आकडा काढायला लावतात, त्यामागेही हेच कसब आहे. हाफ क्लच धरून, पायाचा ब्रेक किंचित लावून, नजर जमिनीवर न ठेवता वळणाच्या दुसऱ्या टोकाला. डोळे जिथे जातात तिथे गाडी जाते, हे शब्दशः खरं आहे. खड्ड्याकडे टक लावणारा खड्ड्यातच जातो. म्हणून मी खडूच्या आठच्या आकड्यावर उभा राहत नसे, वळणाच्या पलीकडे उभा राहून तिला माझ्याकडे बघत यायला सांगत असे.

गिअर बदलणं त्यामानाने फार सोपं आहे, त्यावर फार बोलू नये. एवढंच की स्प्लेंडरसारख्या काही गाड्यांत सगळे गिअर बोटांनी पुढे दाबत जायचे असतात, तर कित्येक गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होता. शिकताना एकच गाडी ठेवावी.

वेगात वळणं ही वेगळी गोष्ट आणि ती शिकवणाऱ्यालाही सहसा ठाऊक नसते. ताशी पंचवीसेक किलोमीटरच्या पुढे डावीकडे वळायचं तर हँडलची डावी मूठ हलकेच पुढे ढकलावी लागते. चाक क्षणभर उजवीकडे वळतं, गाडी डावीकडे झुकते आणि झुकल्यामुळे डावीकडे जाते. सायकलवालेही हेच करतात, फक्त त्यांना पत्ता नसतो. विमान बनवणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बर राइटने डझनावारी सायकलस्वारांना, तुम्ही वळता कसे, असं विचारलं होतं; पहिल्या फटक्यात कोणालाही नीट सांगता आलं नाही. दुचाकी उभी का राहते हे कोडं तर अजून पुरतं सुटलेलं नाही. फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे ती तोलते, असं पूर्वी सांगत. १९७० मध्ये डेव्हिड जोन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने तो गुण काढून टाकलेली सायकल बनवली आणि ती चालवता आली. २०११ मध्ये डच आणि अमेरिकन संशोधकांनी त्या गुणाशिवाय, आणि पुढच्या चाकाच्या खास ठेवणीशिवायही, स्वतःचा तोल सावरणारी सायकल करून दाखवली. नवशिक्याला यातलं एकच सांगावं: वेग आला की गाडीला उभं राहायचंच असतं, तिला हातांनी धरून ठेवायची गरज नाही. हात सैल सोडले की ती सरळ चालते.

रस्त्यावर जाण्याआधी कागद तपासावा. स्कूटरचा परवाना बहुधा बिनगिअर मोटरसायकलचा असतो, त्यावर ‘एमसीडब्ल्यूओजी’ अशी अक्षरं असतात. गिअरच्या गाडीला ‘एमसीडब्ल्यूजी’ हवा, त्यासाठी नवा वर्ग जोडून घ्यावा लागतो. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि पक्क्या परवान्याची चाचणी ते मिळाल्यावर ३० दिवसांनी देता येते. २०२१ पासून महाराष्ट्रात आधारच्या आधारे घरबसल्या लर्निंग लायसन्स मिळू लागलं, त्यामुळे खेटे वाचले. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावायचा. शिकणाऱ्याच्या मागे शिकवणाऱ्याशिवाय कोणी बसता कामा नये, असं नियम सांगतो. मुलाला डबलसीट घेऊन सराव करायचा नाही. शिकवणारा मागे बसला की गाडीचा तोल, ब्रेक लागायचं अंतर सगळं बदलतं, म्हणून तो सराव आधी मैदानात करून घ्यावा. मागे बसल्यावर दोन्ही हात आपल्या मांडीवर किंवा पकडीवर. हँडलकडे हात नेणारा शिक्षक दोघांनाही पाडतो.

कपड्यांचं पाहायलाच हवं. ओढणी आणि साडीचा पदर चेनमध्ये किंवा मागच्या चाकात जाऊन झालेले अपघात प्रत्येक तालुक्याला माहीत आहेत. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण हवं, हे मोटार वाहन नियमांतच आहे, पण ते मागे बसणारीसाठी. चालवणारीने ओढणी घरी ठेवावी, घोटा झाकणारे बूट घालावेत. हेल्मेट आयएसआय खुणेचं, हनुवटीखालचा पट्टा लावलेलं. चांगल्या हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी घटतो. देशात २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हे आकडे शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगू नयेत, पण शिकवणाऱ्याने रोज ध्यानात ठेवावेत.

दिवाळीची सुट्टी ही शिकायला उत्तम वेळ. रस्ते कोरडे, ऊन सौम्य, आणि पुढचा पाऊस जूनपर्यंत नाही. आमच्या भागात एकच सांभाळायचं: दिवाळीच्या सुमारास कारखान्यांची धुराडी पेटतात आणि मार्चपर्यंत रस्त्यावर उसाच्या जोडट्रॉल्या असतात. अंधारात उभ्या ट्रॉलीला कित्येकदा दिवा नसतो, मागे लाल पट्टी नसते. रस्त्यावर सांडलेला ऊस आणि पाचट चाकाखाली घसरतं. म्हणून हंगामात अंधार पडल्यावर सराव नको, आणि ट्रॉलीच्या मागे रांगताना तिला ओलांडायची घाई नको. ट्रॅक्टरवाल्याला मागचं दिसत नसतं.

जून उजाडेपर्यंत सहा महिन्यांचा हात बसलेला असतो, तरी पहिल्या पावसासाठी एक वेगळी सकाळ ठेवावी. पहिल्या सरीत रस्त्यावर वर्षभर मुरलेलं तेल वर येतं आणि तासभर डांबर निसरडं असतं. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, पुलाच्या लोखंडी सांध्याच्या पट्ट्या, रेल्वे फाटकाचे रूळ, यांवर ब्रेक आणि झुकणं दोन्ही टाळायचं, ते आधीच उरकून सरळ गाडी पार करायची. थांबायला कोरड्यापेक्षा निदान दीडपट अंतर धरायचं. बायको जून लागला की शाळा उघडायच्या आधी त्याच एमआयडीसीतल्या रस्त्यावर एकटी जाते, ओल्या डांबरावर खडूची रेघ उमटत नाही म्हणून वीट ठेवते, आणि विटेशी गाडी थांबवून बघते.